गझल वाचताना रदीफवर बोट ठेवा

मुद्रितशोधनाचं काम धरलं त्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे एका गझलसंग्रहाची प्रुफं आली. तोवर मी पाठ्यपुस्तकं आणि दिवाळी अंकांतल्या कथा तपासल्या होत्या आणि एक सवय हाताला पक्की लागली होती. एकाच पानावर तोच शब्द तीनदा आला की त्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि समासात ‘पुनरुक्ती?’ असं लिहायचं. त्या संग्रहाच्या पानापानावर मी गोल केले. सात शेरांच्या, म्हणजे दोन-दोन ओळींच्या सात द्विपदींच्या, एका गझलेत ‘गेले’ हा शब्द आठ वेळा होता, आठही वेळा ओळीच्या शेवटी. आठ गोल झाले.

प्रुफं परत गेली आणि दोन दिवसांनी कवींचा फोन आला. ते रागावले नव्हते. म्हणाले, “ताई, ते पान समोर घ्या. मी वाचतो, तुम्ही फक्त ‘गेले’वर बोट ठेवत चला.” एकेक शेर त्यांनी सावकाश, दोनदोनदा वाचला. एका शेरात कोणी घर सोडून गेलं होतं. दुसऱ्यात दिवस सरले होते. तिसऱ्यात आरशाला तडे गेले होते. पुढच्या एकात कोणी तरी जाता जाता काही सांगून गेले होते, म्हणजे तिथे ‘जाणं’ जवळजवळ उरलंच नव्हतं, ‘सांगणं’ पुरं झाल्याची खूण तेवढी होती. बोट तिथेच होतं, शब्द तोच होता आणि दर वेळी त्याखालून दुसरंच काही वर येत होतं. फोन ठेवल्यावर मी खोडरबर घेऊन सगळे गोल पुसले.

त्याला एकोणीस वर्षं झाली. या काळात गझलेचे बरेच संग्रह माझ्या टेबलावरून गेले आणि त्या फोनवर शिकलेली गोष्ट मी हळूहळू एका रीतीत बसवली. गाण्यात गझल आवडते पण छापील पानावर ‘पुन्हा तेच’ वाटून कंटाळा येतो, असं म्हणणारे वाचक मला नेहमी भेटतात. ही रीत त्यांच्यासाठी आहे. लागतं काय, तर एक पेन्सिल, एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि अर्धा तास. एका बैठकीत एकच गझल घ्यायची.

नमुन्यासाठी कोणाची प्रसिद्ध गझल घेत नाही. ती आधीच कानात बसलेली असते, मग आपण वाचत नाही, आठवतो. मी सरावासाठी बांधलेल्या गझलेतले शेर घेते.

बोलताना बोल सारे राहिले
आणि डोळ्यांचे इशारे राहिले

ही पहिली द्विपदी, म्हणजे मतला. दोन्ही ओळींच्या शेवटी ‘राहिले’ आहे. तो रदीफ, जसाच्या तसा परत येणारा शब्द. त्याच्या आधी ‘सारे’ आणि ‘इशारे’ आहेत. ते काफिये, म्हणजे यमकाचे शब्द. ‘रे’ कायम आहे आणि ‘रे’च्या आधीचा ‘आ’ हा स्वरही कायम आहे. त्या स्वराला अलामत म्हणतात. मतल्यानंतर प्रत्येक शेरात पहिली ओळ मोकळी असते आणि दुसरी ओळ काफिया-रदीफवर येऊन उभी राहते. किमान पाच शेर असावेत असा संकेत आहे. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जी चौकट होते तिला गझलेची जमीन म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण कवी मतल्यात जमीन आखून देतो आणि पुढे त्याला तिच्यातच पेरायचं असतं.

मतला हा करार असतो. त्यात जेवढं जुळवलं तेवढं पुढे पाळावं लागतं. वरच्या मतल्यानंतर ‘तारे’, ‘वारे’, ‘किनारे’ चालतील, ‘दुसरे’ किंवा ‘पुरे’ चालणार नाहीत, कारण अलामत मोडते. आता समजा मतल्यात मी ‘सारे’ आणि ‘पसारे’ घेतले असते, तर दोन्हींत अख्खा ‘सारे’ सामाईक झाला असता. वाचकाच्या कानाने पुढच्या प्रत्येक शेरात ‘सारे’चीच वाट पाहिली असती आणि ‘इशारे’ आल्यावर ठेच लागली असती. म्हणून मतला वाचून झाला की तिथेच थांबा आणि कवीने स्वतःला किती बांधून घेतलंय ते बघा. दोरी किती लांब आहे हे कळल्याशिवाय पुढची कसरत दिसत नाही.

थांबलाच आहात तर पहिलं काम करून घ्या. रदीफ वेगळ्या कागदावर लिहा आणि तो शब्द आपण रोज किती अर्थांनी वापरतो त्याची वाक्यं लिहून काढा. कवीची नाहीत, स्वयंपाकघरातली, फोनवरची. ‘राहिले’साठी माझ्या वहीत अशी वाक्यं आहेत: भाजीत मीठ घालायचं राहिलं. मी चार वर्षं मावशीकडे राहिले. आता दोनच पाहुणे राहिले. डोकं दुखायचं राहिलं. आणि माझी आजी पाऊस थांबला की म्हणायची, “राहिला बाई एकदाचा.” म्हणजे हाच शब्द करायचं सुटून गेलं हेही सांगतो, मुक्काम केला हेही, शिल्लक उरलं हेही आणि थांबलं हेही. उरणं आणि थांबणं हे जवळजवळ उलटे अर्थ एका शब्दात नांदतात. अशी पाचसहा वाक्यं लिहून झाली की रदीफची ताकद हाताला कळते आणि कवीने त्यातलं काय वापरलं, काय सोडलं हे आपोआप दिसायला लागतं.

आता मतला परत वाचा. पहिल्या ओळीत बोल राहिले म्हणजे बोलायचे सुटून गेले. दुसऱ्या ओळीत इशारे राहिले म्हणजे मागे उरले. एकाच शब्दाने एकदा वजाबाकी केली आणि लगेच बाकीही दाखवली. शब्द बदलला असता, पहिल्या ओळीत ‘सुटले’ आणि दुसऱ्यात ‘उरले’ असतं, तर अर्थ तोच मिळाला असता. पण न बोललेलं आणि उरलेलं हे एकाच जागचं आहे, ही जाणीव मिळाली नसती. ती ‘राहिले’नेच दिली.

पुढच्या शेराला कागद हातात घ्या. दुसरी ओळ झाका आणि फक्त पहिली वाचा.

लेक गेली दूर देशी, अन् घरी

इथे थांबा. ही ओळ मोठ्याने दोनदा म्हणा. मुशायऱ्यात कवी पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, गायक तर तीचतीच ओळ चारचार तऱ्हांनी घोळवतो. ऐकणाऱ्याच्या मनात दुसऱ्या ओळीची भूक तयार व्हावी म्हणून ते असतं. छापील पानावर ती भूक आपली आपण तयार करावी लागते, नाही तर डोळा सरळ खाली घसरतो आणि शेर वाया जातो. समासात संभाव्य काफिये लिहा: तारे, वारे, किनारे, निखारे, शहारे, पहारे, उतारे, पसारे. शेवटी ‘राहिले’ येणार हे ठरलेलंच आहे. मग लेक दूर गेलेल्या घरी काय राहिलं असेल? तुमचा अंदाज पेन्सिलीने लिहून ठेवा आणि मगच कागद सरकवा.

आवरायाचे पसारे राहिले

इथे ‘राहिले’ दोन्ही अंगांनी वाचता येतं. पसारे आवरायचे राहून गेले, किंवा आवरण्याजोगे पसारे मागे उरले. पहिल्या अर्थात घरातलं माणूस हात लावायला धजत नाही. दुसऱ्या अर्थात तो पसारा हीच लेकीची उरलेली खूण आहे. दोन्ही अर्थ एकमेकांना धरून उभे राहतात. मी ही ओळ बांधली तेव्हा आधी ‘उतारे’ मनात आला होता, वहीत उतरवलेले कवितांचे उतारे. तो अर्थाला चालत होता, पण ‘राहिले’ त्यात सरळसोट ‘उरले’ एवढाच झाला असता. काफिया बदलला की तोच रदीफ कसा उघडतो हे पाहायचं असेल तर हा खेळ स्वतः खेळा. दुसऱ्या ओळीतला काफिया काढून यादीतला दुसरा घाला. कवीने हाच का निवडला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तुमचा अंदाज बरोबर आला तर काय समजायचं? नेहमीच वाईट नाही, पण शंका घ्या. पहिल्या ओळीत ‘नाव’ आणि ‘लाट’ आली की ‘किनारे’ कोणालाही सुचतात. चांगल्या शेरात काफिया उघडल्यावर क्षणभर चकवा बसतो आणि लगेच वाटतं, दुसरं काही येऊच शकत नव्हतं. हा दुहेरी झटका बसला तर त्या शेराशेजारी एक टिंब द्या. नुसता चकवा बसला आणि पहिल्या ओळीशी धागा जुळलाच नाही, तर टिंब देऊ नका.

आणखी एक शेर, यात माझ्या आजीचा ‘राहिला’ आहे.

ज्या क्षणाला शीड मी केले उभे
नेमके तेव्हाच वारे राहिले

नेहमीच्या सवयीने आपण ‘वारे उरले’ असं वाचायला जातो आणि ‘नेमके तेव्हाच’पाशी अडखळतो. मग अर्थ फिरतो: वारे थांबले. आधीच्या दोन शेरांनी ‘राहिले’ म्हणजे उरणं असं मनात बसवलं होतं, म्हणूनच इथलं थांबणं लागतं. हाच शेर एकटा, दुसऱ्या जमिनीत असता तर इतका लागला नसता. परत येणारा शब्द मागच्या शेरातलं ओझं बरोबर घेऊन येतो, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं होतं.

पण याचा अर्थ शेरांत एक कथा शोधायची असा नाही. बहुतेक नवे वाचक इथेच अडतात. पहिल्या शेरात न बोललेले शब्द, दुसऱ्यात लेक, तिसऱ्यात शीड, मग ही गझल आहे तरी कशाबद्दल, असं विचारतात. प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असते. तो गझलेतून उचलून कोणाला ऐकवला तर त्याला मागचंपुढचं सांगावं लागू नये. एकच विषय सलग चालवणाऱ्या गझला असतात, त्यांना मुसलसल म्हणतात, पण तो अपवाद. एरवी शेरांना जोडून ठेवते ती जमीन. विषयांची साखळी शोधू नका, रदीफची वळणं मोजा.

आता एक फसलेला शेर दाखवते. तो याच गझलेच्या पहिल्या खर्ड्यात होता, नंतर मी काढला.

रात झाली, चंद्र गेला, अन् पुन्हा
त्या नभी ते फक्त तारे राहिले

वृत्त नीट आहे, काफिया नीट आहे, तरी शेर मेलेला आहे. का, ते बघायला दोन साध्या चाचण्या पुरतात. पहिली, भरतीचे शब्द हुडका. ‘त्या’ नभी, कुठल्या? ‘ते’ तारे, कुठले? ‘पुन्हा’ कशासाठी? हे तिन्ही शब्द मात्रा भरायला आलेत. दुसरी चाचणी, रदीफवर बोट ठेवून ओळ वाचा: ‘त्या नभी ते फक्त तारे’. अर्थ जवळजवळ पूर्ण झाला, ‘राहिले’ नसतं तरी काही अडलं नसतं. आता ‘नेमके तेव्हाच वारे’ एवढंच वाचून बघा. ओळ तोंड उघडं टाकून उभी राहते. रदीफ काढल्यावर जी ओळ कोसळते तिच्यात तो जिवंत आहे. जी तशीच उभी राहते तिला तो शेपटासारखा चिकटवलेला आहे. मी प्रुफात आजही गोल करते, पण अशाच जागी, आणि समासात ‘पुनरुक्ती’ऐवजी ‘रदीफ निभावला का?’ असं लिहिते.

‘आहे’, ‘नाही’, ‘होते’ असे लहान रदीफ वाचताना ही चाचणी जरा सैल धरावी लागते. ‘आहे’ व्याकरणाने लागतोच, म्हणून तो कोसळण्याच्या चाचणीत नेहमी पास होतो. तिथे बघायचं ते असं, की ‘आहे’वर जोर येतो का. उलट चारपाच शब्दांचा लांब रदीफ असला तर तो घोषणेसारखा वाजण्याचा धोका असतो. पहिले तीन शेर टाळ्या घेतात आणि पुढे काफियाला हलायला जागाच उरत नाही. रदीफ अजिबात नसलेल्या गझलाही असतात, त्यांना गैरमुरद्दफ म्हणतात. त्यांत सगळा भार काफियावर येतो, म्हणून कागदाचा खेळ त्यांना आणखी चांगला लागू पडतो.

वृत्ताबद्दल थोडं सांगते, कारण पुष्कळ लोक ‘आम्हाला वृत्तातलं कळत नाही’ म्हणून लांबूनच परत जातात. कळतं. मनाचे श्लोक म्हटलेल्या प्रत्येकाच्या कानात भुजंगप्रयात बसलेलं आहे, २०५ श्लोक एकाच चालीत. वरचे शेर ‘गालगागा गालगागा गालगा’ या लगावलीत, म्हणजे लघू-गुरूंच्या क्रमात आहेत, या वृत्ताला मेनका म्हणतात. ‘गा’ म्हणजे गुरू, दोन मात्रा. ‘ल’ म्हणजे लघू, एक मात्रा. ‘बो-ल-ता-ना, बो-ल-सा-रे, रा-हि-ले’ असं टेबलावर बोटाने वाजवा, एकूण १९ मात्रा. ऱ्हस्व अक्षराच्या पुढे जोडाक्षराचा आघात आला की ते गुरू होतं, म्हणून ‘फक्त’मधला ‘फ’ गुरू. ‘पुन्हा’त मात्र ‘न्ह’चा आघात होत नाही, तिथे ‘पु’ लघूच राहतो. एवढ्यावर निम्म्या गझला वाजवता येतात. आणि वाजवायच्या कशासाठी, तर ठेक्यामुळे रदीफ नेमका कुठल्या ठोक्यावर पडणार हे शरीराला आधीच कळतं. मुशायऱ्यात सगळं सभागृह कवीबरोबर रदीफ म्हणतं ते यामुळे. काफिया कवीचा असतो, रदीफ सगळ्यांचा.

या चौकटीचा मराठीतला प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण वाचताना त्याचा उपयोग होतो. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे अभ्यासक होते. त्यांनी तिथली वृत्तं मराठीत आणली आणि १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’ प्रसिद्ध केली. पुढे सुरेश भटांनी (१९३२–२००३) स्वतः गझल लिहिलीच, शिवाय नव्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून मतला, काफिया, अलामत हे सगळं सोप्या मराठीत मांडलं. जुन्या ‘गज्जल’ वाचताना त्या सलग भावकवितेसारख्या वाटल्या तर गोंधळून जाऊ नका. सुट्या शेराचा आग्रह मराठीत रुजायला वेळ लागला.

गाण्यातून गझलेकडे येणाऱ्यांना एक सूचना. गायक सहसा सगळे शेर घेत नाहीत, चारपाच निवडतात. चालीत बसणारे, पटकन पोचणारे. त्यामुळे आवडलेल्या गझलेचं छापील पान मिळवा आणि न गायलेले शेर आधी वाचा. रदीफचं सगळ्यात अवघड वळण मला कितीदा तरी तिथेच सापडलं आहे.

हीच रीत दुसऱ्या भाषांतल्या बांधीव कवितांनाही चालते. व्हिलानेल या पाश्चात्त्य काव्यप्रकारात १९ ओळी असतात आणि पहिली व तिसरी ओळ ठरलेल्या जागी परत येतात: पहिली सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या जागी, तिसरी नवव्या, पंधराव्या आणि शेवटच्या जागी. शेवटी त्या दोघी पहिल्यांदा शेजारीशेजारी येतात, तेव्हा त्यांचं एकमेकींशी काय होतं तिथे बोट ठेवा. सेस्टिना या तिकडच्याच दुसऱ्या प्रकारात यमकच नसतं, सहा शब्द ओळींच्या शेवटी फिरत राहतात. एका कडव्यातले एक ते सहा हे क्रम पुढच्या कडव्यात सहा, एक, पाच, दोन, चार, तीन असे लागतात. शेवटच्या तीन ओळींत सहाही शब्द गोळा होतात आणि कविता ३९ ओळींवर संपते. समासात आकडे लिहीत वाचलं की हा गोफ सुटा दिसतो. तिथेही विचारायचं तेच: शब्द परत आला तेव्हा तो कुठून आला?

एका बैठकीत गझल दोनदा वाचून झाली की पुस्तक मिटा. टिंबं मोजत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, पान समोर नसताना, कुठला शेर तोंडात येतो तो वहीत लिहा आणि मग पुस्तकाशी ताडून बघा. एखादा शब्द तुम्ही बदललेला असेल. बहुधा भरतीचा शब्दच स्मरणातून गळालेला असतो, आणि क्वचित कवीचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा किती अचूक होता हे तिथे कळतं. रदीफ मात्र कोणी विसरत नाही. अशा सकाळच्या नोंदींची माझी आता तिसरी वही चालू आहे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्या ‘गेले’ गझलेतला आरशाचा शेर आहे, फोनवर ऐकून लिहिलेला, दोन शब्द चुकलेले. ते मी दुरुस्त केलेले नाहीत, शेजारी समासात बरोबर शब्द लिहून ठेवले आहेत.